फेल गेलेल्या गोळीचा निकाल

मी औषधांच्या ट्रायलमध्ये काम करते असं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी हातातला चहाचा कप हळूच टेबलावर ठेवला. ‘चहात काही नाही हो,’ असं मला सांगावं लागलं. त्यांनी कप परत उचलला, पण मी माझा घोट घेतल्यावरच. परभणीत तेव्हा ट्रायल या शब्दाचा असाच दरारा होता. माणसांवर प्रयोग म्हणजे बेशुद्ध करून किडनीबिडनी काढत असतील, इथपर्यंत लोकांची मजल जायची. खरं सांगायचं तर आमच्या कामात बेशुद्ध पडायची वेळ आलीच तर ती माझ्यावर यायची, तीही कागद भरता भरता.

त्याआधी मी वॉर्डात सिस्टर होते. मग आमच्या डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या हाडांच्या दवाखान्यात संशोधनाचा विभाग काढला आणि मला बोलावून म्हणाले, ‘सिस्टर, तुम्हाला बोलायला आवडतं आणि माझं अक्षर वाचता येतं. या कामाला एवढं पुरे.’ तिथे जी चिकटले ती निवृत्त होईपर्यंत. हुद्दा कोऑर्डिनेटर. घरी आमचे हे त्याला ‘जगाची उठाठेव’ म्हणायचे.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवीन औषध बाजारात येण्याआधी ते माणसांना देऊन बघावं लागतं. निम्म्या लोकांना खरी गोळी द्यायची, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाच्या वाट्याला कोणती आली हे रोग्याला माहीत नसतं, डॉक्टरला नसतं आणि मलाही नसतं. ते गुपित कंपनीच्या कुलपात. आपण खरी गोळी खातोय हे कळलं, की माणसाचं अर्धं दुखणं कौतुकानेच पळतं, आणि डॉक्टरलाही उगाच सुधारणा दिसायला लागते. म्हणून हा लपंडाव. शेवटी कुलूप उघडायचं आणि बघायचं, खऱ्या गोळीवाल्यांना जास्त गुण आला का. आला तर औषध बाजारात. नाही आला तर काय होतं, ते सांगायला हा लेख लिहितेय.

आमच्याकडे गुडघेदुखीच्या गोळीची ट्रायल आली. गुडघ्यांना आपल्या जिल्ह्यात तोटा नाही. जन्मभर वाकून कापूस वेचायचा, उकिडवं बसून भाकरी थापायच्या, मग गुडघे तक्रार करणारच. त्यात वालूरच्या सरजामावशी होत्या. गावात कुणाकडेही पंगत असली, की चुलवणासमोरची मुख्य जागा त्यांची. लग्न असो, तेरावं असो, सरजामावशींनी भाकरीला हात लावला नाही तर पाहुणे काळजीने विचारायचे, ‘बाई आजारी हायेत का?’ गुडघ्यांनी त्यांना त्या जागेवरून उठवलं होतं आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

ट्रायलमध्ये येण्याआधी रोग्याची संमती घ्यावी लागते आणि तिचा व्हिडिओ काढावा लागतो. जबरदस्ती नाही, समजून उमजून आले, हे दिसायला हवं ना. मी आदल्या आठवड्यात निरोप दिला, ‘व्हिडिओ काढायचाय.’ तेवढाच शब्द गावात पोचला. वालूरच्या बाया आल्या त्या ठेवणीतली लुगडी नेसून, नाकात नथ घालून. सरजामावशी कॅमेऱ्यासमोर बसल्या. मी नियमाप्रमाणे म्हटलं, ‘तुमचं नाव सांगा.’ त्यांनी पदर सावरला, घसा खाकरला आणि नाव सांगायच्या ऐवजी नाव घेतलं:

‘वालूरच्या वेशीला आंब्याचं तोरण, शंकररावांचं नाव घेते, गुडघा हेच कारण.’

सगळ्या बायांनी ‘व्वा’ केलं. डॉक्टरसाहेब हसू दाबायला खिडकीकडे तोंड करून उभे. तो व्हिडिओ तसाच मुंबईला कंपनीकडे गेला. तिकडून विचारणा आली की शंकरराव हे रोग्याचं नाव आहे का, आणि असेल तर नोंदीत स्त्री असं का लिहिलंय.

दुखणं मोजायची आमची एक पट्टी होती. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. तिच्यावर रोग्याने बोट ठेवायचं. पण मावशींचा हिशेब सोळा आण्यांचा. ‘आज बारा आने दुखायलंय.’ मी म्हणायचे, ‘मावशी, दहापैकी सांगा.’ त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायच्या. ‘दहात बारा कसे बसतील, सिस्टरबाई?’ मी मनातल्या मनात हिशेब करून आकडा टाकू शकले असते, पण ते चालत नाही. आकडा रोग्याच्याच तोंडून यायला हवा. मग पट्टी, बोट, समजावणं, आणि शेवटी एकदाचं बोट कुठेतरी टेकायचं.

या धंद्यात लपवालपवीला जागा नाही, हे मी अभिमानाने सांगायचे. राणीसावरगावचे एक गृहस्थ ट्रायलमध्ये होते. त्यांना त्यांच्याच बैलाने लाथ मारली आणि बरगडीला मार बसून ते दवाखान्यात दाखल झाले. ट्रायलमधला माणूस कोणत्याही कारणाने दाखल झाला, की ते ताबडतोब कळवायचं असा नियम. मी कळवलं. फॉर्मवर प्रश्न होता: या घटनेचा औषधाशी संबंध आहे का? मी लिहिलं, नाही. मुंबईहून फोन आला, ‘तुम्हाला खात्री कशी?’ मी म्हटलं, ‘औषध बैलाने घेतलं नव्हतं.’ पलीकडचे साहेब म्हणाले, ‘हे लेखी द्या.’ मी लेखी दिलं.

आणि मग जावांच्या डब्याचं प्रकरण झालं. मावशींची धाकटी जाऊ चंद्रकला, तीही ट्रायलमध्ये होती. दोघींना वेगवेगळ्या नंबरच्या डब्या दिलेल्या. उरलेल्या गोळ्या परत घ्यायला मी वालूरला गेले, तर मावशींनी फडताळातून चटणीचा स्टीलचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत दोघींच्या गोळ्या एकत्र. रोज सकाळी दोघी त्यातूनच घेत होत्या, हाताला येईल ती.

मी कपाळावर हात मारला. ‘मावशी, तुमची वेगळी, तिची वेगळी, असं किती वेळा सांगितलं होतं!’

‘येगळी कशी ठेवायची?’ मावशी खरंच बुचकळ्यात पडल्या होत्या. ‘एका घरात दोघी जावांच्या दोन डब्या? आल्यागेल्याला दिसलं तर काय म्हनतील? जावांचं बिनसलं म्हनतील. उद्या गावभर व्हईल की हे घर येगळं निघालं.’

चंद्रकलाने लगेच भर घातली, ‘आमची चूल एक हाय, बाई. गोळीवरून कामून वाटण्या करायच्या?’

कोणत्याही देशाच्या कोणत्याही नियमावलीत जावांच्या अब्रूचं कलम नाही. परत येताना एसटीत मी डोकं धरून बसले. दोघींचे आकडे आता बाद होणार, दवाखान्याच्या नावापुढे शेरा लागणार. मी डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले, मग डोळे पुसून म्हणाले, ‘कळवा. जसं घडलं तसं.’ मी चटणीच्या डब्यासकट कळवलं. तपासणीला मुंबईहून मॉनिटर आले, म्हणजे कंपनीने पाठवलेले तपासनीस. त्यांनी वालूरला जाऊन डबा बघितला, मावशींच्या हातची भाकरी खाल्ली आणि शेरा मारून गेले. शेरा कडक होता. भाकरी आवडल्याचं त्यांनी तोंडी सांगितलं.

एवढं असूनही मावशी आणि चंद्रकला दोघींना गुण आला होता. ‘बारा आन्याचं चार आन्यावर आलंय,’ मावशी सांगायच्या. त्या सुमाराला त्या पुन्हा एका पंगतीत चुलीसमोर बसल्याही. मग गोळ्या संपल्या, ट्रायल संपली, खोकी मुंबईला गेली. काही महिन्यांत मीही निवृत्त झाले. सत्कार झाला, शाल मिळाली, भाषणात माझ्या अक्षराचं कौतुक झालं.

पुढे बऱ्याच दिवसांनी वालूरला एका लग्नाला गेले. मांडवामागे स्वयंपाक चालला होता म्हणून मावशींना भेटायला वळले. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बायांवर हुकूम सोडत होत्या. पाय पुढे लांब केलेले, दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले, डावा जास्तच. उठून उभ्या राहिल्या त्या चंद्रकलाच्या खांद्याचा आधार घेऊन.

‘मावशी, हे काय? डॉक्टरसाहेबांनी ऑपरेशन सांगितलं होतं ना? योजनेत बसतं, एक पैसा लागत नाही.’

‘ऑपरेशन कशाला? आपली गोळी यायलीय की बाजारात.’ त्या अगदी सहज बोलल्या. ‘दर बाजाराला मेडिकलवाल्याला इचारते. तो म्हनतो, अजून आली न्हाई. येईल तवा येईल. तिनं मला गुण दिला व्हता, तिला सोडून आता हाडं कापून घेऊ व्हय?’

गोळीचं पुढे काय झालं हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. पंगतीला न बसताच थेट परभणीला डॉक्टरसाहेबांकडे गेले. त्यांनाही काही कळवलेलं नव्हतं. ‘मी दोनदा विचारलं,’ ते म्हणाले, ‘विश्लेषण चालू आहे असं उत्तर आलं.’ आपल्याकडे प्रत्येक ट्रायलची सरकारी वेबसाइटवर नोंद करावी लागते. आम्ही कॉम्प्युटर लावून बघितलं. आमच्या ट्रायलपुढे अजून लिहिलेलं होतं, ‘रुग्णांची भरती चालू आहे.’ रुग्ण घरी जाऊन म्हातारे व्हायला आले होते आणि भरती चालूच होती.

डॉक्टरसाहेब तसे शांत. पण त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. ‘सिस्टर, गोळी फेल गेली असणार. पास झाली असती तर आतापर्यंत मोठ्या हॉटेलात आम्हाला जेवायला बोलावून सांगितलं असतं.’ मग त्यांनी मला ते समजावलं जे इतकी वर्षं काम करूनही माझ्या नीट ध्यानात आलं नव्हतं. यशस्वी ट्रायलचे निकाल छापून येतात, फेल गेलेल्यांचे कपाटात जातात. डॉक्टर छापलेलं वाचतात, त्यांना वाटतं सगळ्या गोळ्या चांगल्याच. दुसरी एखादी कंपनी तसलीच गोळी करून दुसऱ्या गावातल्या गुडघ्यांवर पुन्हा तेच करून बघते. ‘आणि आपल्या मावशी,’ ते म्हणाले, ‘मेडिकलच्या दारात उभ्या राहतात.’

मग आमचा पाठपुरावा सुरू झाला. मी निवृत्त, मला वेळच वेळ. फोनवर आधी एक गोड आवाज भेटायचा, मग गाणं लागायचं, मग फोन बंद. गाणं मला पाठ झालं. भाजी निवडताना गुणगुणायला लागले, तेव्हा यांनी हात जोडले. कधी उत्तर यायचं, ‘माहिती गोपनीय आहे.’ कधी, ‘ते बघणारे साहेब नोकरी सोडून गेले.’ एकदा मात्र डॉक्टरसाहेबांनी स्वतः फोन घेतला. ते एवढंच म्हणाले, ‘बैलाने लाथ मारली ते आम्ही तुम्हाला कळवलं. दोन जावांनी गोळ्या एका डब्यात ठेवल्या, आमची शोभा झाली, तेही कळवलं. आता तुमची पाळी.’

तरीही पाळी आलीच नाही. शेवटी उपयोगी पडली आमच्या दवाखान्याची एथिक्स कमिटी. ट्रायलमधल्या माणसांचं हित बघायला प्रत्येक ठिकाणी अशी समिती असते. तिच्या परवानगीशिवाय ट्रायल सुरू होत नाही. नेमकी त्याच कंपनीची मधुमेहाच्या गोळीची नवी ट्रायल परवानगीला आली होती. समितीने एका ओळीचं उत्तर दिलं: आधी मागचा निकाल, मग पुढची परवानगी. इतके दिवस चालू असलेलं विश्लेषण त्यानंतर पंधरवड्यात संपलं.

निकाल असा होता. खऱ्या गोळीवाल्यांना बराच गुण आला. खोट्या गोळीवाल्यांनाही तेवढाच आला. फरक काही नाही. गोळीने अपाय कुणालाच झाला नव्हता. कंपनीने ती गोळी करायचं तेव्हाच थांबवलं होतं आणि हे सगळं त्यांना ट्रायल संपली त्याच साली कळलं होतं.

आता वालूरला सांगायचं कुणी? डॉक्टरसाहेब म्हणाले, दोघंही जाऊ. मावशींच्या अंगणात ट्रायलमधल्या सगळ्या बाया जमल्या. भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम मध्ये ठेवलं होतं, त्यामुळे आमचेही हात रिकामे राहिले नाहीत. डॉक्टरसाहेबांनी साध्या शब्दांत निकाल सांगितला. मग मावशींनी चंद्रकलाकडे बघितलं.

‘म्हंजे समद्या गोळ्या सारख्याच?’

‘हो, मावशी.’

‘मंग आमी एका डब्यात घातल्या तर एवढा कालवा कामून केला तुमी?’

सगळ्या बाया खो खो हसल्या. डॉक्टरसाहेब तर शेंगा सांडेपर्यंत हसले. चंद्रकलाला भलताच अभिमान वाटला, की आपलं दुखणं आपलं आपणच पळवलं. मावशी मात्र हसता हसता थांबल्या. हातातली शेंग तशीच धरून त्यांनी विचारलं, ‘ही गोळी येनार न्हाई, हे त्यान्ला कधीपासून ठावं व्हतं?’

मी खरं ते सांगितलं. ज्या साली तुम्ही पुन्हा पंगतीत चुलीसमोर बसला होता, मावशी, त्याच साली.

‘मी मेडिकलवाल्याला इचारत फिरायले तवा त्यान्ला ठावं व्हतं?’

‘हो.’

‘आन कुनी सांगितलं न्हाई.’

त्या रडल्याबिडल्या नाहीत. रडणाऱ्यातल्या त्या नव्हेतच. आत गेल्या, आमच्यासाठी चहा ठेवला, आणि चहा देतानाच डॉक्टरसाहेबांना म्हणाल्या, ‘धरा तारीख ऑपरेशनची.’

ऑपरेशन झालं, दोन्ही गुडघे बदलले. उजवा पाय सरळ झाला. डावा इतके दिवस वाकत राहिला होता, तो पुरता सरळ होणार नाही असं डॉक्टरसाहेबांनी आधीच सांगितलं होतं, तसंच झालं. काठी लागते. ‘तेव्हाच आल्या असत्या तर’ असं ते एकदा माझ्यापाशी बोलले, मावशींपाशी नाही. मला मात्र त्या वाक्याने अजूनही संताप येतो. कुणी वाईट माणूस होता असंही नाही. मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसात कुणाला तरी वाटलं असेल, फेल गेलेल्या गोळीचं काय सांगायचं? त्या कुणाच्या तरी आळसाचा बाक सरजामावशींच्या डाव्या पायात आहे.

गुडघे बदलल्यावर उकिडवं बसायला मनाई असते. यावर मावशींनी स्वतःच तोड काढली. गवंड्याला बोलावून अंगणात कमरेएवढा ओटा बांधला, वर चूल मांडली. आता त्या उभ्याने भाकरी करतात. बाकीच्या बायाही हळूहळू त्या ओट्याशी यायला लागल्यात.

मधुमेहाच्या ट्रायलला अखेर परवानगी मिळाली आणि माहिती द्यायची सभा वालूरच्या समाजमंदिरात भरली. डॉक्टरसाहेबांनी मलाही आग्रहाने नेलं. कंपनीचे तरुण अधिकारी स्वतः मुंबईहून आलेले. छान बोलत होते. गोळी किती चांगली, काळजी किती घेणार, सगळं. शेवटी त्यांनी विचारलं, ‘कुणाला काही शंका?’

मागच्या भिंतीला टेकून सरजामावशी उभ्या होत्या. त्यांना मधुमेह नाही, पण गावात सभा आहे आणि त्या घरी आहेत असं होत नाही.

‘मला हाय,’ त्या म्हणाल्या. ‘तुमची गोळी पास झाली तर तुमी वाजतगाजत सांगताल, ते ठावं हाय. फेल गेली तर सांगायला कोन येनार?’

अधिकारी म्हणाले, ‘आम्ही निकाल वेबसाइटवर टाकतो, आजी.’

‘ती आमच्या गावात येत न्हाई. मानूस कोन येनार?’

डॉक्टरसाहेब उठून म्हणाले, ‘मी येईन, मावशी.’

‘तुमी बसा, साहेब. तुमी तर मागंबी आलाव. मी त्यान्ला इचारायलेय.’

अधिकारी बाहेर गेले, फोनवर बराच वेळ बोलले. कुणी जागचं उठलं नाही. ते परत आले तेव्हा कपाळावर घाम होता. म्हणाले, ‘निकाल काहीही लागो, मी स्वतः इथे येऊन सांगेन.’

‘तुमी म्हंजे कोन? नाव सांगा.’

त्यांनी नाव सांगितलं. मावशींनी ते चंद्रकलाकडून म्हणवून घेतलं, मग शेजारच्या बाईकडून, मग तिच्या शेजारच्या बाईकडून. असं करत ते नाव सगळं समाजमंदिर फिरून परत त्यांच्यापाशी आलं. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, पदर खोचला आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या,

‘आता सांगा, तुमची गोळी कशाची हाय.’